घुंगरांच्या पंगतीत बूट

अपूर्वानं बाबांच्या तळव्यावर मोबाइलचा उजेड मारला आणि ती किंचाळलीच. टाचेत पताकेची टाचणी, पार बोंडापर्यंत रुतलेली!

"बाबा, ही कधी घुसली?"

"कोण घुसली?" जयवंत आरामात चहा फुरकत होते. "मला काय दुखत नाय गो."

"दुखत नाही तिथंच तर वाट लागलीय ना!"

रक्तातल्या साखरेनं त्यांच्या पायांची जाणीवच खाऊन टाकली होती. सकाळी मंडळात आषाढीच्या पताका लावल्या, तेव्हापासून गडी त्या टाचणीवरच उभा!

डॉक्टरांनी टाचणी काढली, पट्टी केली आणि बजावलं, जखम भरेपर्यंत पायावर भार नको. पुढेही अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा.

झालं! गणपती दोन महिन्यांवर, आणि मुलुंडच्या त्यांच्या चाळीत गणपतीपुढचा जाखडी नाच म्हणजे जयवंतच. तीस वर्षं घुंगरू बांधून, अनवाणी.

"बूट घालून नाच की," अपूर्वा म्हणाली.

"घुंगरांबरोबर पायताण? देवासमोर? त्यापेक्षा नाचच सोडतो."

आणि खरंच त्यांनी घुंगरू पेटीत टाकले. त्या दिवसापासून घरात कुणी गुणगुणेना. अपूर्वाला ते बघवेना. ती सरळ श्यामकांतबुवांच्या दारात उभी राहिली. मंडळाचे म्हातारे शाहीर. त्यांच्यासमोर भले भले आवाज खाली घेत. अपूर्वानं मात्र वरचाच लावला.

"बुवा, मृदंगाला चामडं असतं, त्याची पूजा करता ना? मग बुटानं काय घोडं मारलंय?"

बुवांनी चष्म्यावरून पाहिलं. "जयवंताची पोर ना तू? जीभ बापाच्या पायासारखी नाचते. कोरे आण. रस्त्याची धूळ लागता कामा नये."

जखम भरली. डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हाच जयवंत बुवांच्या शब्दाला मान देऊन तालमीला आले. मृदंग, घुंगरू आणि शेजारी मऊ, ऐसपैस बूट. तिघांनाही हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या.

मृदंगावर थाप पडली. बाबांनी बुटात घालायला घाईघाईनं पाय उचलला. अपूर्वा पुढं झेपावली.

पाय हवेतच थांबला. बाबांनी बूट उचलला, आत हात घालून चाचपलं आणि उपडा केला. मूठभर तांदूळ सांडले, मागोमाग पूजेची सुपारी टुणकन घरंगळत गेली.

अख्खी तालीम हसली.

"बुवा, तुमची सुपारी माझा पाय खाणार होती!" बाबांनी मोजे सारखे केले, बूट चढवले, घुंगरू आवळले. "अपू, टॉर्च चार्ज करून ठेव गो. नाच संपला की पाय दाखवायचेत."