सुलोचनाबाईंचा संशय

बाळंतपणासाठी तृप्ती पवनीला माहेरी आली. न्हाऊ घालताना सुलोचनाबाईंना लेकीच्या दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग दिसले.

"जीवननं मारलं तुले?"

"नाही वो माय. कुठं लागलं, मलेच नाही समजत."

आईला ते पटलं नाही. रविवारी तिचा नवरा जीवन वरठीहून, कारखान्यातली पाळी संपवून मोटरसायकलनं आला, तर सासूनं त्याला दारातूनच परतवून लावलं. तो आणलेली डाळिंबं ओट्यावर ठेवून गेला.

तृप्तीला दम लागायचा, हिरड्यांतून रक्त यायचं. पोटुशीपणात होतंच असं म्हणून लोहाच्या गोळ्यांवर भागवलं गेलं. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. भंडाऱ्यात मुलगी झाली, पण रक्त जायचं थांबेना, ताप उतरेना. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी तिला तातडीनं नागपूरला पाठवलं. तिथे कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली.

डॉक्टरांनी सुलोचनाबाईंना आणि धावत आलेल्या जीवनला समोर बसवलं. "रक्ताचा कॅन्सर आहे, झपाट्यानं वाढणारा. केमो लगेच सुरू करावी लागेल. बाळाला अंगावर पाजता येणार नाही."

"अन् ते डाग?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"त्याचेच. प्लेटलेट कमी झाल्या की काही न लागताही असे डाग पडतात."

बाहेर बाकावर बसल्यावर त्या जावयाला म्हणाल्या, "बापू, मी तुमच्यावर उगाच..."

"आता कायले बोलता, आई?" जीवन खाली मान घालून म्हणाला. "डाग मलेही दिसले होते. कामात लागले असतील म्हणून मी सोडून देल्लं."

दूध आटवायला तृप्तीला गोळ्या दिल्या. त्या लागू पडेपर्यंत तिचा गाऊन भिजत राहिला. दिवसांआधी झालेलं बाळ भंडाऱ्याच्या दवाखान्यातच होतं; त्याला ती जीवनच्या मोबाइलवर पाहायची. नाव तिनंच ठेवलं, रीना. केमोनं ताप उतरेल, रक्त जायचं थांबेल अशी आशा होती, पण अंगात ताकदच उरली नव्हती. छातीत संसर्ग झाला आणि महिन्याच्या आतच ती गेली.

जीवनला आई नव्हती. सुलोचनाबाई पवनीचं घर बंद करून करडीला त्याच्याकडे राहायला आल्या. त्या बाटलीनं दूध पाजतात, तो पाळीवरून आला की पोरीला घेतो. जेवताना दोघं तिच्या लसीचं, सर्दीचं बोलतात. तृप्तीचं नाव अजून कोणी काढत नाही.