सतरा नंबरचा दगड

मी दगडच आहे, पण साधासुधा नाही. अंगाला चुना आणि पोटावर काळ्या रंगात सतरा आकडा. माझ्या एका बाजूला अभयारण्य, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. ‘इथून आत कुऱ्हाड नाही,’ एवढंच मला सांगायचं होतं आणि ते मी बावीस वर्षं जागचा न हलता सांगितलं.

माझी देखभाल जंगलाचा गार्ड करायचा. दरवर्षी तो आणि त्याची बायको चुन्याची बादली घेऊन यायचे. तो आकडा गिरवायला लागला की ती म्हणायची, “माझ्यापेक्षा या दगडांचंच तुम्हाला कौतुक!”

“हा उलट बोलत नाही ना,” तो हसायचा. माणूस इतका सरळ, की जंगलातली वाळकी काटकीसुद्धा त्याने कधी घरी नेली नाही.

माझ्यापासून सात पावलांवर, हद्दीच्या बाहेर, एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालायची. ढोलीचं तोंड आतून लिंपून ती स्वतःला कोंडून घ्यायची. फक्त चोचीपुरती फट ठेवायची. पिलं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवायचा.

एका वर्षी ती अशीच आत बसलेली असताना पलीकडच्या खाणीसाठी रस्ता करायचा हुकूम आला. हद्दीबाहेरची झाडं पडणार होती. वनखात्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा गार्डने हात जोडले. “साहेब, दोन महिने थांबा. पिलं उडू देत.”

“झाड आत आहे की बाहेर?”

“बाहेर.”

“मग विषय संपला.”

दुसऱ्या दिवशी भरदुपारी नवराबायको पहार घेऊन आले. मला वाटलं, चुना लावायला आले. बायको म्हणाली, “अहो, जन्मभर कुणाला दगड हलवू दिला नाहीत, आणि आता तुम्हीच?”

“ती आत कोंडून बसलीय. मी नुसतं बघत बसू?”

बाह्या सारून बायकोने पहारीला हात घातला. दोघांनी मला लोटत लोटत झाडाच्या पलीकडे नेलं आणि दहा पावलांवर पुरलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. त्या झाडाची सावली पहिल्यांदाच माझ्यावर पडली होती.

चौथ्या दिवशी मोजणीवाला यंत्र घेऊन आला. “या दगडाला पाय फुटले की काय?”

गार्डला कानावर हात ठेवता आले असते. पण तो म्हणाला, “मी हलवला.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे, एक तू हलवलास. आता बाकीचे जागेवर आहेत, हे कोण मानणार?”

खाणवाले टपूनच होते. सगळ्याच दगडांवर त्यांनी शंका काढली. नव्याने मोजणी झाली आणि नवी हद्द पार वरच्या कड्यावरून गेली. अख्खा उतार बाहेर पडला. मादी आत असतानाच आमचं ते झाड सगळ्यात आधी कोसळलं. नर चोचीत फळ धरून वर घिरट्या घालत होता. पुढचे तीन दिवस तो फळ घेऊन येत राहिला. माझी छाती तेव्हाच फुटायला हवी होती.

आता मी कचेरीच्या आवारात पडलोय. फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून मला टेकण लावलंय. गार्डची बदली झाली होती. परवा कसल्याशा कागदासाठी तो आला, बायकोही होती. खाली बसून त्याने बाहीने माझा आकडा पुसला.

“इतकी वर्षं तू खरं बोललास,” तो म्हणाला, “आणि मी तुला एकदा खोटं बोलायला लावलं.” मग बायकोकडे बघून म्हणाला, “पण दुसरं काय करायला हवं होतं गं?”

तिने पदराने माझ्यावरची उरलेली धूळ पुसली. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

कुणी ऐकत असाल तर मला माझ्या जुन्या खड्ड्यात नेऊन ठेवा. तिथे आता राखण्यासारखं काही उरलं नाही, ठाऊक आहे मला. पण तो माणूस बावीस वर्षं जिथे उभा राहिला ती हद्द खरी होती, एवढं तरी मला तिथून सांगू द्या.