शवपेटीचं दार

तीस वर्षं गोदलीव्हनं बेल्जियममधल्या गेंट शहरात ट्राम चालवली. जुन्या वस्तीतल्या त्या दगडी चर्चसमोरून ती दिवसातून दहा वेळा जायची, पण वेळापत्रक मानगुटीवर, उतरणार कधी? निवृत्त झाली आणि वर्षभरात पाय गेले. मग तिनं धाकट्या बहिणीला, आल्दाला, बोलावून घेतलं. "गावातली जुनी चर्चं बघायचीत मला. चाकांची खुर्ची ढकलशील ना?"

सकाळी दोन चर्चं बघून झाली. तिसरं ते दगडी चर्च; त्याला सात पायऱ्या. शेजारीच रस्त्याला लागून एक रुंद, बिनपायऱ्यांचं दार होतं, कुलूपबंद. आल्दानं आत जाऊन रखवालदाराला, देकोर्तेंना, बोलावून आणलं.

"ते दार नाही उघडता येणार, बाई," ते म्हणाले. "तिथून फक्त शवपेटी आत नेतात. पूर्वीपासूनची रीत आहे."

"म्हणजे मेले की लगेच उघडाल?"

आल्दा ओशाळली. "ताई, जाऊ दे ना. चौकात बसून वॉफल खाऊ."

"तू खा. मेल्यावर येईन तेव्हा डोळे मिटलेले असतील. मला आज बघायचंय."

तिनं खुर्चीचा ब्रेक लावला, कठडा धरून अंग खाली सोडलं आणि पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली. हात मागे टेकून स्वतःला वर ओढलं. दुसरी. तिसरी. पर्यटकांचा घोळका थांबला. एकानं मोबाइल काढला.

"काढा फोटो!" ती ओरडली. "पण ते दारही येऊ द्या त्यात!"

देकोर्ते हात द्यायला धावले.

"हात नको. किल्ली आणा."

पाचव्या पायरीवर तिचा एक बूट निसटून खाली गडगडला. आल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती देकोर्तेंवरच खेकसली, "बघत काय उभे राहिलात? आणा की किल्ली!"

गोदलीव्ह सातव्या पायरीवर टेकली तेव्हा कुलूप करकरलं. देकोर्तेंनी रिकामी खुर्ची त्या दारातून आत आणली. "माझ्या नोकरीवर गदा येईल हो."

"आली तर मला बोलवा. मी बोलते तुमच्या वरच्यांशी."

आल्दानं तिला खुर्चीत बसवून आत नेलं. निळ्या काचांतून ऊन उतरलं होतं. मान दुखेपर्यंत ती वर बघत राहिली. "केवढं उंच गं हे!"

बंद करायची वेळ झाली तेव्हा तिची खुर्ची त्या शवपेटीच्या दाराच्या ऐन उंबऱ्यात अडून उभी होती. "उद्या उघडणार का, तेवढं सांगा."

देकोर्तेंनी एकदा तिच्याकडे, एकदा कुलपाकडे पाहिलं. "दहाला उघडतो," ते पुटपुटले.

"मी साडेनऊलाच येते," ती म्हणाली.