पावसाच्या खोलीतली बस

सिहोऱ्याहून बसच्या कारखान्यात कामाला आलेल्या प्रतिक्षाला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. एवढं मोठं धूड माणसंच तयार करतात, ते कसं? लाईनीच्या एका टोकाला नुसता लोखंडी सांगाडा, आणि दुसऱ्या टोकाला शहरात धावायची बस, दिवे लावून तयार. विजेवरची गाडी, तिला घुरघुरणंही माहीत नाही. प्रतिक्षा रोज बघायची आणि रोज तोंडाचा आ करायची.

तिचं काम समोरच्या काचेचं. चौकटीवर काच चिकटवणाऱ्या सिलंटची जाड काळी रेघ ओढायची, मग चौघांनी मिळून काच त्यावर दाबून बसवायची. काल तीन गाड्यांची रेघ तिनं पहिल्यांदाच एकटीनं ओढली होती. उमेदवारी संपत आलेली. काच गळली तर आपल्याला घरी पाठवणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

तयार झालेली बस आधी पावसाच्या खोलीत जायची. तिथं चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सुटायचे, आणि ज्याच्या हातची काच, त्यानंच आत बसून गळती शोधायची, असा रिवाज होता. प्रतिक्षा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पाणी सुटलं आणि छतावर, काचांवर असं कोसळलं की तिनं घाबरून स्टिअरिंगच धरलं. पण आत शिंतोडा नाही! गावाकडच्या गळक्या एसटीत छत्री उघडून बसलेल्या या पोरीला हसूच फुटलं. हे आपण सगळ्यांनी केलं, या विचारानं तिला भरून आलं.

तेवढ्यात काचेच्या कोपऱ्यातून एक थेंब उतरला.

तिची बाही पुढे झालीसुद्धा. आत दुसरं कुणी नव्हतं. पुसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण थेंब कुठून आला हे तिला कळलं होतं. कोपऱ्यातली रेघ उंचसखल दिसली, म्हणून तिनं ती बोटानं गुळगुळीत केली होती. अंगण सारवून वाढलेला हात, त्याला खडबडीत बघवतच नाही. रेघेला बोट लावू नका, उंच राहिली तरच ती काचेखाली नीट भरते, असं लाईनप्रमुख कैलाशभाऊंनी घसा फोडून सांगितलं होतं. आणि हा शहाणपणा तिनं तिन्ही गाड्यांवर केला होता.

पाणी थांबल्यावर ती उतरून सरळ त्यांच्याकडे गेली.

"भाऊ, कोपऱ्यात गळून राह्यलं. मीनं बोट फिरवलं होतं. मांगच्या दोन गाड्यायले बी."

कैलाशभाऊंनी खांबावरचं लाल बटण दाबलं आणि लाईन थांबली. मशिनी गप्प झाल्या, माणसं माना वळवून बघू लागली. एका थेंबापायी एवढा कारखाना थांबतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. लाजेनं ती अर्धी झाली, आणि तरी डोळे विस्फारून बघतच राहिली.

तारेनं सिलंट कापून तिन्ही काचा उतरवल्या, उरलेला खरवडला. मग तिनं हळूच विचारलं, "उद्या येऊ का नको, भाऊ?"

कैलाशभाऊंनी सिलंटची बंदूक तिच्या हातात दिली.

"येजो. आता रेघ ओढ. तुही रेघ झाल्याबिगर लाईन चालू नाही करत मी."