शिवराममामांचा नंबर

माझी सासू मीराबाई डोंबिवलीच्या हॉस्पिटलात आत पडली होती. हृदयाची नस बंद. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज स्टेंट टाकायला हवा. सरकारी योजनेत सगळं मोफत होतं, आणि खोटं कशाला बोलू, योजना चांगलीच आहे. पूर्वी असल्या कामाला कचेरीत चपला झिजायच्या. आता काउंटरवरची मुलगी आधार नंबर टाकते, मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की काम पुढे जातं.

ओटीपी गेला, पण आमच्याकडे आला नाही. कुठल्या नंबरवर गेला ते मुलीने सांगितलं, शेवटचे आकडे ऐकताच मी ओळखलं. नंबर शिवराममामांचा होता. मोहने गावातल्या आमच्या चाळीत आधारचा कॅम्प लागला तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. म्हणून चाळीतल्या बुद्धविहाराचं सगळं बघणाऱ्या शिवराममामांचा नंबर अख्ख्या चाळीने लिहून दिला. मामांनाही हौस, कुणाच्या गॅसचा मेसेज आला तरी लुंगी सावरत दारोदार सांगत फिरायचे. मग मामा वारले. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे जेवलो, त्यांचे गुण गायले, आणि त्या सिमकार्डाला रिचार्ज मारायची अक्कल एकालाही सुचली नाही. शहाण्यांची चाळ आमची.

अंगठा लावून बघितला. हात सुजलेले, मशीन घेईना. चेहरा दाखवायचा तर ऑक्सिजनचा मास्क काढावा लागणार, त्याला डॉक्टर नाही म्हणाले. मग मी तोच नंबर लावला. नंबर कुणाचा ते दाखवणाऱ्या अ‍ॅपने फोनवर नाव दाखवलं, ‘सरोज कोपर’. मोबाइल कंपनीने मामांचा बंद पडलेला नंबर या कोपर गावच्या बाईला दिलेला.

"ताई, तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?"

"मी कुणालाही ओटीपी देत नाही. आमचे हे असेच फसलेत."

"माझी सासू सिरीयस आहे हो."

"सगळे असंच सांगतात." फोन बंद.

मी परत लावला. या वेळी वॉर्डातल्या सिस्टर बोलल्या, तर ती म्हणाली, तुमची टोळीच दिसतेय. मला इतका राग आला, की ती समोर असती तर झिंज्या धरल्या असत्या. पण तिचं तरी काय चुकलं? आपणच ना रोज ऐकतो, ओटीपी कुणाला सांगू नका. परत लावला तेव्हा मला रडू आवरेना.

"पत्ता सांगा, कोपरला येते मी, तुमच्या पाया पडते. नाहीतर व्हिडिओ कॉल घ्या, स्वतः बघा."

मग ती म्हणाली, "करा."

आत जाऊन मी मोबाइल आईंसमोर धरला. आईंना काय कळलं कुणास ठाऊक, मास्कमागून त्यांनी अनोळखी बाईला हात जोडले. सरोजताईंनी डोळ्यांना पदर लावला. "पुन्हा पाठवायला सांगा. मोबाइल हातातच धरून बसते."

काउंटरवर मी आकडे म्हणत गेले, मुलगी टाकत गेली. "झालं. आता मंजुरी आली की लगेच घेतील," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

आम्ही वाट बघत बसलो. आतून कुणीतरी धावत बाहेर आलं, परत आत गेलं. माझा नवरा रवींद्र त्यांच्या मागे गेला. थोड्या वेळाने तो बाहेर आला. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आत्ताच मेसेज आला बघा," सरोजताईंचा आवाज आनंदाने कापत होता. "मंजूर झालंय. आईंना सांगा हो लगेच."

रवींद्र माझ्याकडे बघत होता.

"सांगते," मी म्हणाले.