सत्तावीसचा साचा

"बोला बाईसाहेब, कुठला साचा?" हॉलिसनं अर्ध्या डॉलरचं जुनं चांदीचं नाणं मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं आणि भिंग वर्नाच्या हातात दिलं.

झेन्सव्हिलच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी नाणेवाल्यांचं मंडळ जमायचं. दोनशे वर्षांपूर्वी टांकसाळीत साचे हातानं घडवायचे, त्यामुळे एकाच सालाच्या दोन साच्यांत एखादा तारा, एखादा आकडा इकडेतिकडे व्हायचाच. साचा तडकला, की ती चीर पुढच्या प्रत्येक नाण्यावर रेघ होऊन उमटायची. अशा खुणांवरून साचा ओळखण्यात आणि झीज पाहून दर्जा ठरवण्यात वर्नाचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. जन्मभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दाढांतल्या भेगा हुडकलेली बाई ती!

"१८२७च्या साच्यांपैकी तुझ्याकडे नाही तो हाच असला, तर नाणं तुझं," हॉलिस म्हणाला. "बदल्यात तुझं एकतीसचं दे."

वर्नानं भिंग डोळ्याला लावलं. कडेची नक्षी दिसत होती. पण नजर रोखावी तिथं नेमका धुक्याचा ठिपका. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढी नजर जपायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. 'हो, तोच' म्हणून टाकलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती.

"उजेड बरा नाही," ती पुटपुटली.

हॉलिसनं दिवा जवळ ओढला.

मागच्या खुर्चीत तिचा नवरा ड्वेन डोनट खात बसला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा गडी बायकोला दर शनिवारी आणून सोडायचा आणि 'सगळ्या चकत्या सारख्याच' म्हणून तिला चिडवायचा. त्यानं साखरेची बोटं पँटला पुसली.

"सरक गं जरा."

"तुला काय कळतंय यातलं?"

"काही नाही. तू विचार, मी दिसतं ते सांगतो."

वर्ना सरकली. "कडेनं धर!"

"कडेनंच धरलंय. ओरडा काय कमी खाल्लाय?"

"सालातल्या दोनाचा पाय कसा आहे?"

"चौकोनी."

"चीर?"

"केसासारखी. सालाखालून निघते, डावीकडचे दोन तारे चिरते... मधल्या बाईच्या टोपीला लागत नाही, अलीकडेच संपते."

"उलटव. गरुडाखालच्या पन्नासातलं शून्य?"

"खाली घसरलंय. पेंगल्यासारखं."

"तोच," वर्ना म्हणाली.

"आणि दर्जा?" हॉलिसनं विचारलं. "जवळजवळ न वापरलेलं म्हणू या?"

"ड्वेन, त्या बाईच्या कानावरची बट?"

"माझ्या टाळूसारखी. सपाट."

सगळे हसले. "मग नाही म्हणायचं," वर्ना म्हणाली. "लोकांनी चांगलं वापरलंय."

हॉलिसनं हुज्जत घातली नाही. अदलाबदल झाली. त्यानं तिचा हात हातात घेतला तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"ईस्टरपासून. मीठ समजून अंड्यांवर साखर घातलीस. मी खाल्ली."

"बोलला नाहीस."

"तू तरी कुठं बोललीस?"

"आणि साच्यांचं कुठून शिकलास?"

"जेवताना नवऱ्याशी कमी आणि नाण्यांशी जास्त बोलतेस. मी काय बहिरा आहे?"

तिला हसू आलं, आणि मग येईना. अर्धं आयुष्य जे शोधलं ते तळहातावर होतं. काचेतून आलेल्या उन्हात तिनं ते तिरकं केलं. कडेला चांदी लकाकली. मध्ये काहीच नव्हतं.

"ड्वेन, इतक्यात निघू नको."

त्यानं इंजिन बंद केलं. चष्मा लावला, तिच्या हातातलं नाणं कडेनं उचललं आणि खिडकीपाशी धरलं.

"डावीकडचा पहिला तारा," तो सांगू लागला. "खालचं टोक जरा बोथट..."

"सावकाश," वर्ना म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.