रक्त पातळ करायची गोळी

पदराचा बोळा लेकाच्या डोक्यावर दाबून धरत कलाबाई समोरच्या खाटेकडे डोळे वटारून बघत होती. तिथे तिचे मोठे दीर बसले होते, सत्तरी ओलांडलेले सुपडूआबा.

सकाळी शिंदखेड्याच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोन्ही घरांची जुंपली. आबांच्या मुलाने, भूपेंद्रने, फावड्याचा दांडा कलाबाईच्या प्रेमराजच्या डोक्यात घातला. प्रेमराजने मधे आलेल्या आबांना ढकललं, ते भिंतीवर आपटले. दोन गाड्या धुळ्याच्या दवाखान्यात आल्या आणि वैरी पुन्हा समोरासमोर बसले.

प्रेमराजचा सदरा रक्ताने भिजला होता. आबांना नुसतं टेंगूळ.

वृषाली सिस्टरने प्रेमराजला बोलतं केलं, नाडी पाहिली, जखमेवर घट्ट पट्टी बांधली. मग ती आबांकडे वळली.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"नाही. बीपीची एक आहे फक्त, असं आबाच सांगतात," भूपेंद्र म्हणाला. "आम्ही या हरामखोराची तक्रार करायला आलोय."

आबांनी बाही खाली ओढली. भावजयीसमोर दुखणं कबूल करणारे ते नव्हते.

कलाबाईला मात्र ठाऊक होतं. भूपेंद्र सुरतेला होता, वाटण्या व्हायच्या होत्या, तेव्हा तीन वर्षं आबांच्या हातावर ती गोळी तिनेच ठेवली होती. हृदयाचे ठोके चुकतात, गोळी जन्मभराची, डोक्याला मार लागला तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मरू दे म्हातारा, तिच्या मनात आलं. पण मेला तर खून प्रेमराजच्या नावावर.

"खोटं बोलस तो!" ती ओरडली. "आबाले रगत पातळ व्हवानी गोयी चालू शे. तीन वरीस मीच दिधी!"

"काकू, तू मधे पडू नको!"

सिस्टरने आबांची बाही वर सारली. दंडावर काळेनिळे डाग होते. "आबा, खरं सांगा."

"चालू शे," आबा जमिनीकडे बघत पुटपुटले.

सिस्टरने त्यांना तडक स्कॅनला नेलं.

"आई, माझं डोकं फुटलंय अन् तू त्याची बाजू घेतेस?" प्रेमराज म्हणाला. त्याने तिचा हात झटकला.

आबांच्या कवटीच्या आत रक्त साकळायला लागलं होतं. गोळीवर उतारा म्हणून इंजेक्शनं दिली गेली, वेळेत म्हणून रक्त थांबलं. प्रेमराजला नऊ टाके पडले, तेही तासाभराने.

दहाव्या दिवशी आबा घरी आले. अकराव्या दिवशी कलाबाईच्या दारात हवालदार उभा. भूपेंद्रने जबाबात लिहून दिलं होतं : काकूला गोळीचं ठाऊक होतं, म्हणूनच तिने प्रेमराजला माझ्या बापाच्या अंगावर घातलं.

"ठाऊक होतं का, बाई?"

"होतं ना! नसतं तर म्हातारा आज ओट्यावर बसला असता का?"

पलीकडच्या ओट्यावर डोक्याला पट्टी बांधलेले आबा सगळं ऐकत होते. "आबा, तुम्ही काय म्हणता?" हवालदाराने त्यांना विचारलं.

आबा उठले, भिंत धरत घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली.